खांडीला वळसा

“ज्या ठिकाणी आज आपले हे देखणे संकुल उभे आहे, त्या ठिकाणी पूर्वी केवळ निरुपयोगी दलदल होती. तिवरांचे रान, डास आणि दुर्गंधी यांखेरीज येथे काहीही नव्हते. विकासकांच्या दूरदृष्टीमुळे या ओसाड भूमीचे सोने झाले.”

हा मजकूर आमच्या सोसायटीच्या समितीने एकमताने संमत केला आहे, आणि सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी भरणाऱ्या सर्वसाधारण सभेने एकदा मान डोलावली की लगेच तो काळ्या दगडावर कोरून प्रवेशद्वाराशी बसवायचा आहे. समितीत एकमत झाले, कारण मी समितीत नाही. वाक्ये तीन आहेत आणि तिन्ही खोटी आहेत. शुद्धलेखन मात्र निर्दोष आहे, हे मान्य केले पाहिजे.

एवढ्यावर भागले असते तर चार खरमरीत शब्द सुनावून मी गप्प बसलो असतो. परंतु त्याच सभेपुढे दुसरा एक ठराव आहे. आमच्या आवाराच्या खाडीकडील अंगाला एक लांबलचक टेकाड आहे. त्याच्या माथ्यावर फरशा बसवून त्याला जॉगिंग ट्रॅक म्हणतात. ते टेकाड मधोमध कापून खाडीच्या काठापर्यंत सपाट रस्ता काढायचा, तेथे बाके, दिवे आणि छायाचित्रे काढण्यासाठी एक कमान उभारायची, असा तो ठराव. कापायला हरकत कोणाची? समितीच्या मते ते टेकाड म्हणजे बांधकामाच्या वेळचा राडारोडा. पहिला ठराव दुसऱ्याला कसा हात देतो, पाहा. येथे पूर्वी काही नव्हतेच, तर टेकाड तरी कोठून असणार? म्हणजे ते बिल्डरचे. म्हणजे कापायला मोकळे. दगडावरचे खोटे दगडावरच राहिले असते तर मी सोसले असते. हे खोटे उद्या खाडीला वाट करून देणार आहे, आणि त्या वाटेच्या तोंडाशी लोकांची घरे आहेत.

मी कोपर गावचा. जन्माने, आणि मतानेही. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, आणि आज ज्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो ती आमच्याच शेतावर उभी आहे. जमीन दिली तेव्हा मोबदल्यात सदनिका मिळाली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेती सुटली होती आणि मुलांना घरे हवी होती. परंतु जमीन दिली म्हणजे तिचा इतिहासही लिहून दिला, असा कोणाचा समज असेल तर तो मी हयात असेपर्यंत टिकणार नाही.

अध्यक्ष सज्जन गृहस्थ आहेत. बँकेतून निवृत्त झालेले, पहाटे नेमाने चालणारे, मला ‘सर’ म्हणणारे. परवा मी त्यांना ट्रॅकवरच गाठले.

“हे टेकाड नव्हे, अध्यक्ष महाराज. हा बांध आहे.”

“सर, बांध असता तर दगड दिसले असते, भिंत दिसली असती. हा निव्वळ डेब्री आहे. आर्किटेक्टनंच सांगितलं.”

“आर्किटेक्टचं वय काय?”

“असेल पस्तिशीचा.”

“बांध त्याच्या खापरपणजोबांच्या वयाचा आहे.”

ते हसले, घाम पुसला आणि म्हणाले, “सर, तुमच्या भावना मी समजू शकतो.”

या वाक्याइतका संताप मला दुसऱ्या कोणत्याही वाक्याचा येत नाही. मी मातीविषयी बोलत होतो आणि हे गृहस्थ माझी नाडी पाहत होते.

भाद्रपद सरत आला आहे. पावसाचा जोर ओसरला की खाडीवरून एक वारा सुटतो, त्यात चिखल, शेवाळ आणि ओलसर लाकूड यांचा मिळून एक वास असतो. समितीला तो दुर्गंध वाटतो. मला त्यात एक वास कमी पडतो, म्हणून तो अपुरा वाटतो. या दिवसांत भात निसवायचे. पोटरी फुटून कणीस बाहेर डोकावले की सकाळच्या उन्हात सबंध शिवाराला कोवळ्या दुधासारखा एक मंद गंध येई. इतका मंद की शोधायला गेले तर सापडत नसे, आणि दुसरेच काही करीत असता अचानक येऊन बिलगे. आजही या दिवसांत सकाळी गॅलरीत उभा राहिलो की नाक आपोआप वर होते. खालून येतो तो कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास. तोही वाईट नसतो. पण तो कुठेही मिळतो.

ज्याला हे लोक दलदल म्हणतात त्याला आमच्याकडे खार म्हणत. खार म्हणजे खाडीच्या हातून सोडवून घेतलेली जमीन. निसर्गाने ती दिली नव्हती, सरकारने दिली नव्हती, आणि दूरदृष्टीच्या कोणा विकासकाने तर नव्हतीच नव्हती. कोपरपासून कल्याणपर्यंत आणि इकडे ठाण्याच्या खाडीच्या काठाकाठाने अनामिक माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ओल्या चिखलाचे बांध घातले. बांधात लाकडी दारांच्या उघाड्या बसवल्या. ओहोटीला शेतातले पाणी आतून दार ढकलून बाहेर जाई आणि भरतीला खाडीचेच पाणी बाहेरून दार लावून घेई. शत्रूलाच द्वारपाल नेमण्याची ही युक्ती ज्यांना सुचली, ती माणसे अक्षरशत्रू होती म्हणून त्यांचे नाव कोठे नाही. नाव नाही म्हणून ती नव्हतीच, हे आमच्या समितीचे तर्कशास्त्र.

त्या जमिनीत भात पेरायची रीतही वेगळी. गोड्या पाण्याच्या शेतात रोपे काढून लावतात. खाऱ्या जमिनीत आम्ही बियाणे भिजवून, पेंढ्यात दाबून, त्याला मोड आणून ते चिखलात फेकत असू. याला रहू म्हणत. मोड आलेले बी मुठीत गरम लागते, जिवंत लागते. पावसाने जमिनीचा खारेपणा धुऊन काढलेले मोजके दिवस असत आणि तेवढ्यात त्याने मूळ धरायचे. यायचा तो राता भात: तांबूस, जाडा, शहरी दाताला चिवट. त्याच्या पेजेला किंचित खारट चव असे. ती पेज प्यायलेल्या माणसाला दुपारपर्यंत भुकेचे नाव काढावे लागत नसे. पुढे मी पुष्कळ ठिकाणचे सुवासिक तांदूळ खाल्ले. भुकेला उत्तर देणारा तांदूळ तोच एक.

आणि भात निघाल्यावरही ती जमीन रिकामी बसत नसे. उघाडीच्या तोंडाला जाळे लावले की कोळंबी, चिंबोऱ्या आणि नशीब असेल तर जिताडा. काठावर मिठागरे. माळावर गवत, ते होडीने मुंबईच्या तबेल्यांना जाई, आणि होडी परत येताना कौले, कापड आणि बातम्या आणी. एकाच जमिनीतून भात, मासा, मीठ आणि चारा काढणारा हा जिल्हा पुढे कारखान्यांचा झाला, तेव्हा लोकांना वाटले की उद्योग येथे बाहेरून आला. उद्योग येथे होताच. त्याला फक्त धुरांडे नव्हते.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादूस म्हणत असू, ते ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागले. गावातले कितीतरी तरुण त्या काळात तिकडे गेले. भाद्रपद-आश्विनातली अमावास्या आली की दादूस उधाणासाठी, म्हणजे मोठ्या भरतीत बांध राखण्यासाठी, रजा मागत. नव्या सुपरवायझरने एकदा विचारले, “उधाण म्हणजे नक्की कुठला सण रे तुमचा?”

“सणच, साहेब,” दादूस म्हणाले. “फक्त नैवेद्य आम्ही असतो.”

ज्या वर्षाची आठवण मला या दिवसांत झोपू देत नाही, त्या वर्षीही दादूस असेच रजा घेऊन आले होते. मी कॉलेजात शिकत होतो. सर्वपित्रीची अमावास्या, दुपारची वेळ. घरोघर पितरांचा स्वयंपाक झालेला. रात्याचा भात, भोपळ्याची भाजी, वडे, खीर. कौलावर पान ठेवून माणसे कावळ्याची वाट पाहत होती. इतक्यात बांधावरून हाक आली. शब्द एकच होता: “खांड!”

खांड म्हणजे बांधाला पडलेले भगदाड. हा शब्द ऐकल्यावर कोणी काही विचारीत नसे. कावळ्याची वाट न पाहता पितरांना तसेच कौलावर सोडून सारे गाव धावले. माझी आई हाताला पीठ लागलेल्या स्थितीत धावली. बांधावर पोहोचलो तेव्हा खाडी त्या भगदाडातून आत येत होती. समुद्राच्या लाटांना आवाज असतो. खाडी आत येते ती जवळजवळ मुक्याने, पाठीवरून हात फिरवावा इतक्या सहजतेने. दूध भरू लागलेली कणसे वाऱ्यावर हलत होती, आणि त्यांच्या बुडाशी तांबूस पाणी चढत होते. ते पाणी त्या दिवशी बाहेर घालवले नाही तर पुढच्या प्रत्येक भरतीला पुन्हा येणार, या वर्षीचे पीक नेणार, आणि जमिनीत मीठ मुरवून पुढची काही वर्षेही नेणार. शिवार साऱ्या गावाचे होते. उपाशी राहायचे तर सारे गाव राहणार होते.

शहरातला मनुष्य अशा वेळी भगदाडातच माती टाकील. आमच्यापैकी कोणी ती चूक केली नसती. खांडीच्या तोंडाशी पाण्याने खोल डोह खणलेला असतो; त्यात टाकलेली माती पाण्याची होते. म्हणून खांडीशी झुंजायचे नाही; तिला वळसा घालायचा. ओहोटी लागली की भगदाडाच्या दोन्ही खांद्यांपासून आतल्या बाजूने चंद्रकोरीसारखा नवा बांध घालत यायचे आणि डोह बाहेर ठेवून दोन्ही टोके मधे मिळवायची. सैल माती येथे चालत नाही. मुळांनी घट्ट बांधलेल्या ढेपा लागतात, आणि अशा ढेपा उभ्या पिकाच्या शेतातच मिळतात. गावाचा दंडक असा की माती जवळच्या शेतातून घ्यायची. शेत कोणाचे हे विचारायचे नाही, मालकानेही विचारायचे नाही.

त्या दिवशी जवळचे शेत हिराकाकीचे निघाले.

हिराकाकी विधवा होती. तिची आणि माझ्या वडिलांची दोन शेतांमधल्या वीतभर मेरेवरून कल्याणच्या कोर्टात फिर्याद चालू होती, आणि दोन्ही घरांत बोलणे बंद होते. बाबा फावडे घेऊन तिच्या शेताच्या कडेला पोहोचले आणि तेथेच थबकले. दंडक खरा, पण जिच्याशी वीतभर मेरेसाठी भांडतो, तिचे निसवलेले भात आपल्या हाताने कापायचे? त्यांच्यामागे सारे गाव थबकले.

हिराकाकी गुडघाभर चिखलात उभी होती. तिने कमरेला पदर खोचला आणि ओरडली, “काय बगताव उबं? खना! भात माजा हाय, पन खाडी सगल्यांची हाय!”

बाबांनी तिच्याकडे पाहिले नाही. ते दादूसला म्हणाले, “पोरा, तिला सांग, वरचे अंगाशी कापतो. खालचा जरा वाचंल.”

दोघांमध्ये हाताचे अंतर होते. हिराकाकीही दादूसकडेच पाहून म्हणाली, “सांग तुजे बापाला, कंचे बी अंगाशी काप, पन बिगी काप!” आणि पहिली ढेप तिनेच कापली, कणसांसकट.

मी त्या दिवशी अनेक ढेपा कापल्या, वाहिल्या, तुडवल्या. फावड्याखाली हिरव्या ताटांचा करकर आवाज होई, आणि दूध भरलेले दाणे पायाखाली चुरून आमचे पाय पांढरट झाले. माणसांची ओळ शेतापासून बांधापर्यंत लागली. ढेप हातातून हातात सरकत होती, आणि कोणाच्या हातातून कोणाच्या हातात, याचे भान कोणाला नव्हते. सूर्य टेकायला आला तेव्हा दोन्ही टोके मिळाली. पितरांना त्या वर्षी पान पोहोचले नाही, माती पोहोचली. मला वाटते, तीच त्यांना अधिक ओळखीची होती.

हिराकाकीचे अर्धे शेत बांधात गेले. त्याची भरपाई मागायची नसते आणि द्यायची म्हणूनही द्यायची नसते. त्याची एक वेगळी रीत होती. भात कापून खळ्यावर नेताना प्रत्येकाने वाटेत तिच्या खळ्यावर एक भारा टाकायचा आणि तोंडाने काही न बोलता पुढे जायचे. लहान शेतकऱ्याचा लहान भारा, मोठ्याचा मोठा. कोणी पाहायचे नाही. बाबांनीही टाकला. तो मात्र भर दुपारी, छाती पुढे काढून, साऱ्यांच्या देखत. आणि कोर्टाच्या पुढच्या तारखेला दोघे पुन्हा परस्परांविरुद्ध उभे राहिले. हिराकाकीने बाबांच्या वकिलाला जी दूषणे दिली, ती ऐकण्यासाठी शेजारच्या खोलीतले पक्षकार येऊन उभे राहिले, असे सांगतात. यात विसंगती आहे, असे मला आजवर वाटलेले नाही. भांडण मेरेचे होते, बांधाचे नव्हते. कोणत्या मातीवर भांडायचे आणि कोणत्या मातीवर नाही, हे ज्यांना कळत होते, त्यांना आमची समिती ‘काहीही नव्हते’ या दोन शब्दांत गुंडाळते.

आमच्या जॉगिंग ट्रॅकला मध्यावर एक वळण आहे. सरळ येणारी वाट तेथे अकारण आत वळते आणि अर्धगोल घेऊन पुन्हा सरळ होते. धावणाऱ्यांची त्याविषयी कुरकुर असते. अध्यक्ष नव्या रहिवाशांना मोठ्या कौतुकाने सांगतात की हे आर्किटेक्टचे लँडस्केपिंग आहे. ज्या जागेवरून रस्ता काढायचा ठराव आहे ती हीच, कारण येथे टेकाड थोडे अरुंद आहे. मी रोज त्या वळणावर थांबतो. लोकांना वाटते, म्हातारा दमला.

काल मी गावठाणात वहिनींकडे गेलो. दादूस गेल्यापासून त्या मुलांकडे असतात. मुलांनी जुन्या घराच्या जागी चार मजले चढवले आहेत, आणि वहिनी तळमजल्यावरच राहतात, कारण वर गेले की रस्त्यावरची भांडणे ऐकू येत नाहीत. मी त्यांना समितीचा मजकूर वाचून दाखवला.

“दलदल?” वहिनी म्हणाल्या. “मंग माजे बापानं मना काय बेडकाचे घरान दिला व्हता?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांचे माहेर दिवा गावचे. “भावजी, आमचे दिव्याची खार बगा. इमारतीवर इमारत. नलाला पानी नाय, आन् पावसान घरान पानी. तिकरं बांध कुटं व्हता, त्या आता कोनाला ठावं नाय. तुमचे तिकरं तुमी तरी हाव.”

“माझं ऐकतो कोण, वहिनी? म्हणतात, सरांच्या भावना.”

“मंग भावना नका सांगू,” वहिनी म्हणाल्या. “तुमी मास्तर ना? त्यांना बांधावर उबं करा.”

मी उठलो. घरी येताना मनाशी कबूल केले की इतके दिवस मी वाद चुकीच्या बाजूने घालत होतो. मी त्यांना इतिहास सांगत होतो, आणि इतिहासाला हे लोक भावना म्हणतात.

म्हणून सर्वपित्रीच्या सभेत मी रात्याविषयी बोलणार नाही, हिराकाकीचे नावही काढणार नाही. मी फक्त सभेची वेळ बदलून मागितली आहे: सायंकाळऐवजी दुपार, आणि जागा हॉलऐवजी ट्रॅक. ऊन असेल, छत्र्या आणाव्यात. अध्यक्षांनी “सरांच्या समाधानासाठी” म्हणून ते मान्य केले आहे. आमची मंडळी या ट्रॅकवर पहाटे चालतात आणि संध्याकाळी चालतात. अमावास्या-पौर्णिमेला या दोन्ही वेळा ओहोटीच्या असतात, म्हणून इतकी वर्षे खाडीशेजारी राहूनही त्यांनी उधाण एकदाही पाहिलेले नाही. त्यांना खाडी म्हणजे लांबवर चमकणारा चिखल एवढेच ठाऊक आहे. गेल्या पौर्णिमेला दुपारचे जेवण उरकून मी एकटा तेथे उभा राहून आलो. माझ्या डाव्या हाताला खाडी होती, उजव्या हाताला आमच्या सोसायटीतल्या उभ्या मोटारी होत्या, आणि खाडीचे पाणी त्या मोटारींच्या आरशांपेक्षा उंच होते.